विसाव्याचा दगड

धुकं इतकं दाट होतं की सुन्वाला स्वतःच्या बुटांची टोकंसुद्धा दिसत नव्हती. तरी ती झपाझप चालत होती. दोन मेंढ्या चुकल्या होत्या. त्यांना हाका मारत ती कड्याच्या अंगाने वर आली, आणि हाकेला उत्तर आलं.

"ओ!"

मेंढी 'ओ' देत नाही. सुन्वा जागीच थबकली.

"कोण आहे?"

"मी!"

"मी कोण? माणूस, की डोंगरातला?"

डोंगराच्या पोटात राहणारे करडे लोक धुक्यात पोरींना हाका मारतात आणि आत ओढून नेतात, हे लाम्बावीक गावातल्या प्रत्येक मुलीला बोलता यायच्या आधीपासून माहीत असतं.

"डोंगरातला असतो तर इतका भिजलो असतो का?" आवाज म्हणाला.

सुन्वाला हसू फुटलं. चार पावलं पुढे गेल्यावर तो दिसला. एका सपाट दगडावर बसून भिजलेला पाव खात होता. चष्म्यावर थेंब, केसांतून पाणी, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू तिला भेटायचं आधीच ठरलं होतं.

"तू कशावर बसलायस, माहितीये?"

"दगडावर."

"प्रेत टेकवायच्या दगडावर."

तो ताडकन उठला. पाव खाली पडला.

"पूर्वी आमच्याकडे दफनभूमी नव्हती," ती हसू दाबत म्हणाली. "मयत डोंगरापलीकडे न्यायचे. एवढा चढ चढून खांदे भरून आले की पेटी इथे टेकवायची, घोटभर काही प्यायचं, मग पुढे. याला क्वील्ड म्हणतात. विसावा."

"क्वील्ड…" त्याने तो शब्द जिभेवर घोळवला. डोळे असे चमकले की सुन्वाला उगाचच लाजल्यासारखं झालं. कुणी तरुण मुलगा दगडाच्या नावावर इतका खूश होतो?

त्याचं नाव एयुन. तोर्शावन शहरातला. कोपनहेगनला शिकत होता आणि उन्हाळाभर बेटाबेटांवर फिरून जागांची नावं गोळा करत होता. कुठल्या खडकाला काय म्हणतात, का म्हणतात, नाव कुठून आलं.

"नावं गोळा करतोस?" सुन्वा म्हणाली. "मग आमच्याकडे नावांशिवाय दुसरं काही नाही. ने पोतंभर."

"उचलायला कुणी हात लावेल का?"

"आधी मेंढ्या शोधू लाग. मग बघू."

तो बिल्लाआत्याकडे उतरला. बिल्ला म्हणजे सुन्वाच्या वडिलांची विधवा बहीण. गावातली सगळ्यांत मोठी चूल तिची आणि सगळ्यांत मोठा आवाजही तिचाच. दुसऱ्या दिवशी ती भावाच्या घरी येऊन म्हणाली, "दान्याल, पोरगा खातो कमी आणि विचारतो फार. सकाळी माझ्या परसातल्या खड्ड्याचं नाव विचारत होता. मी म्हटलं, बाबा रे, खड्डाच आहे तो!"

पण बाकी सगळ्याला नाव होतं. पाऊस थांबला की गवत कापायचं आणि पुन्हा सुरू झाला की भिंतीच्या आडोशाला बसायचं, असे ते दिवस. त्या आडोशाला सुन्वा त्याला नावं सांगे. समोरचा कातळ म्हणजे पाद्र्याचं नाक. ती घळ म्हणजे रडकी, कारण तिथलं पाणी कधी आटत नाही.

"आणि ती अरुंद फट?"

"पोरीची उडी."

"कुठली पोरगी?"

"प्रेमात पडलेली. घरच्यांनी अडवलं, म्हणून दोघं पळाली. तिने उडी मारली… पलीकडे पोचली."

"आणि तो?"

"तो शिकलेला होता. उडी कशी मारायची याचा विचार करत बसला."

एयुन खळखळून हसला. "आता खरं सांग."

"खरं? आमची एक मेंढी होती, तिला पोरगी म्हणायचे. ती तिथून उडी मारायची."

"मला पहिलं जास्त आवडलं."

"मग ते घे," ती म्हणाली आणि कोयत्याला उगाचच धार लावू लागली.

तिच्या वडिलांना, दान्यालला, मुलगा नव्हता. उजवा खांदा एका हिवाळ्यात होडी ओढताना निखळला तो नीट बसलाच नाही. तेव्हापासून सुन्वा त्याच्याबरोबर वल्हं मारायची. बाईमाणूस होडीत, म्हणून गाव काही दिवस कुजबुजलं, मग गप्प बसलं. कारण बापलेक रिकाम्या हाताने कधी परतायची नाहीत.

एकदा एयुनने होडीत यायचा हट्ट धरला. दान्यालने त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "ये. पण पाण्यावर काही शब्द तोंडातून काढायचे नाहीत. चर्च म्हणायचं नाही, सुरी म्हणायची नाही. मासे ऐकतात. आणि बाईचं नाव तर अजिबात नाही."

"मग सुन्वाला हाक कशी मारायची, दान्यालकाका?"

"मारायचीच नाही."

होडी खाडीबाहेर पडली. थोड्या वेळाने एयुन पुढे वाकून हळूच म्हणाला, "अगं…"

"वल्हव."

"मी काय म्हणतो, तुला एखादं समुद्रातलं नाव देऊ का? वारा?"

"वाऱ्यावर कोण भरवसा ठेवतो?"

"फेस?"

"मी काय साबण आहे?"

"मग… किनारा."

पाठमोरा बसलेला दान्याल समुद्राकडे बघत म्हणाला, "पोरा, वल्हं उलटं धरलंयस."

त्या दिवशी दान्यालने होडी सगळ्यांनाच ठाऊक असलेल्या जागी नेली होती. चार मासे मिळाले. संध्याकाळी कॉड माशांची डोकी उकळता उकळता तो लेकीला म्हणाला, "वल्हं धरता येत नाही. पण बरा आहे."

उन्हाळा सरताना गावात नाच झाला. हातात हात गुंफून गोल धरायचा, पायांनी जमीन दणाणवायची आणि जुनी लांबलचक गाणी म्हणायची, असा आमचा नाच. एयुनचा हात सुन्वाच्या हातात होता. गाणं संपलं, दुसरं सुरू झालं, तिसरं… हात सुटला नाही. श्वास घ्यायला म्हणून दोघं बाहेर आली. आकाश अजून उजळलेलं होतं आणि पाणी दुधासारखं शांत.

"परवा टपालाच्या बोटीने मला जायला हवं," तो म्हणाला.

"माहितीये."

"नाताळाच्या आधी परत येईन. दान्यालकाकांना विचारायला… म्हणजे… तू हो म्हणालीस तर विचारायला."

सुन्वाच्या छातीत काहीतरी इतकं भरून आलं होतं की त्याला काहीतरी द्यावं असं तिला वाटलं. आपल्याकडचं सगळ्यांत मोलाचं. चांदीचं काही तिच्याकडे नव्हतं.

"एक नाव राहिलं तुला सांगायचं," ती म्हणाली. "समुद्रातलं. आमची मासे धरायची जागा आहे. पणजोबांना सापडलेली. वल्हवून वल्हवून ते दमले, वल्ही वर घेऊन जरा टेकले, गंमत म्हणून गळ टाकला… आणि दोर वर ओढवेना, इतके मासे! म्हणून तिचं नाव विसावा. हे आमच्या घरातलं आहे, एयुन. घरातल्या माणसांनाच ठाऊक असतं."

"म्हणजे मी घरातला?"

तिने मान हलवली. त्याने तिचे दोन्ही हात आपल्या गालांवर धरले. ते हात मासे आणि लोकरीने खरखरीत झालेले होते. तिला लाज वाटली, आणि वाटली नाहीसुद्धा.

जागा नेमकी कुठे, ते तिने सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. त्याला नावच हवं होतं.

शरद ऋतूत तोर्शावनहून निरोप आला की एयुन रेडिओवर बोलणार आहे, जागांच्या नावांवर. गावात रेडिओ फक्त बिल्लाआत्याकडे. अर्धं गाव तिच्या स्वयंपाकघरात जमलं. दान्यालने दाढी केली होती आणि चर्चला घालायचा कोट चढवला होता. होणाऱ्या जावयाचं भाषण! शेजारचा निक्लाय चुलीपाशी बसला. त्याच्याकडे इंजिनाची होडी होती. बिल्लाने रेडिओचं बटण फिरवलं आणि सगळ्यांना दटावलं, "आता कुणी खोकायचं नाही."

खरखरीतून एयुनचा आवाज आला. सुन्वाने डोळे मिटले. तो पाद्र्याच्या नाकाबद्दल बोलला, लोक हसले. रडकीबद्दल बोलला. मग म्हणाला, "लाम्बावीकच्या दान्यालकाकांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या एक सुंदर नाव जपलंय. त्यांच्या मासेमारीच्या जागेचं. विसावा."

सुन्वाने डोळे उघडले.

"घरचे सांगतात, पणजोबा दमून तिथे टेकले होते. गोष्ट गोड आहे. पण मला वाटतं, नावाचं मूळ त्याहून जुनं आहे. गावाच्या वर, डोंगरात, प्रेत टेकवायचा एक दगड आहे. त्याचंही नाव विसावाच. समुद्रात ठरावीक ठिकाणी पोचलं, की डोंगराच्या खांद्याआडून तो दगड डोकावू लागत असणार. तिथेच ते पाणी. दगडाचं नाव पाण्याला मिळालं. आमची माणसं समुद्रालासुद्धा जमिनीची नावं देतात, ती अशी…"

पुढचं कुणी ऐकलं नाही.

उघड्या पाण्यात जागा सापडायला दोन खुणा लागतात. त्यातली एक गावाला ठाऊकच होती. दान्याल होडीचं नाक समोरच्या धाकट्या बेटाच्या टोकावर धरून निघतो, हे किनाऱ्यावरून कुणालाही दिसे. त्या रेषेवर थांबायचं कुठे, एवढंच कळत नव्हतं. आता कळलं.

किटलीचं पाणी उतू गेलं. बिल्लाने ती उतरवली नाही. निक्लाय जमिनीकडे बघत होता. मग उठला. "गाईची धार काढायचीये," म्हणाला. त्याच्यामागून दुसरा उठला. मग तिसरा. रेडिओवर एयुन अजून बोलत होता. मोकळा, आनंदी, प्रेमात पडलेल्या माणसाचा आवाज.

"नाव त्याला कुणी सांगितलं?" दान्यालने विचारलं.

"मी, बाबा."

त्याने कोटाची बटणं लावली आणि घरी गेला.

सकाळी ती दोघं नेहमीसारखी निघाली. डोंगराच्या खांद्याआडून दगडाची कड दिसू लागली आणि पाण्यावर सात होड्या दिसल्या. निक्लायची सगळ्यांत पुढे. त्याने वर पाहिलं, मग मान खाली घालून दोर ओढत राहिला. त्यालाही घरात पाच तोंडं होती.

"वळव," दान्याल म्हणाला.

मग दुसऱ्या गावांच्या होड्या आल्या, लांब दोर आणि शेकडो गळ घेऊन. नाताळाच्या आधीच तिथलं पाणी रिकामं झालं. म्हातारा आणि एक पोरगी जेवढ्या अंतरावर वल्हवत जाऊ शकतील, तेवढ्या अंतरावर दुसरी जागा नव्हती. सुन्वाने गाय विकली. दान्याल खिडकीकडे पाठ करून जाळी विणू लागला. जाळी कुणासाठी, हे कुणी विचारलं नाही.

आणि एयुन आला. ठरल्याप्रमाणे, नाताळाच्या आधी, खिशात तिच्यासाठी चांदीची पिन घेऊन. होडीघरापाशी सुन्वा दिसताच तो धावतच आला. "ऐकलंस? ऐकलंत ना तुम्ही सगळ्यांनी?"

"ऐकलं."

"मग? काका खूश झाले ना? त्यांच्या घराण्याचं नाव मी…" तो थांबला. तिचा चेहरा बघून हळूहळू त्याचं हसू विरलं. "काय झालं?"

तिने सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"पण मी… मी फक्त नावाचा अर्थ सांगितला, सुन्वा. जागा मला माहीतसुद्धा नव्हती!"

"आमच्याकडे अर्थ म्हणजेच जागा असते."

तो तसाच दान्यालसमोर जाऊन उभा राहिला. भिंतीपासून भिंतीपर्यंत तीन पावलांचं घर, आणि त्यात तो उंच मुलगा, वाकलेला.

"दान्यालकाका, मला ठाऊक नव्हतं."

"ते मला ठाऊक आहे, पोरा," म्हातारा म्हणाला. "म्हणून तर राग कुणावर धरायचा ते कळत नाही. बस. खा."

ती क्षमा होती की आणखी काही, एयुनला कळलं नाही. पण तो परत गेला नाही. कोपनहेगनला कळवून टाकलं की येत नाही. बिल्लाआत्याकडे राहिला. वल्हं मारायला शिकला, हातांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. दान्यालच्या खांद्याच्या जागी त्याचा खांदा. तिघं सगळ्यांच्या जागी जायची, सगळ्यांना मिळे तेवढंच आणायची. लोक त्याच्याशी वाईट वागले नाहीत. चर्चमध्ये सरकून जागा देत. कुणी वाळवलेलं मटणही पाठवलं.

फक्त नावं बंद झाली.

पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं ते निक्लायकडे. "मेंढ्या कुठे सोडल्यात?" त्याने सहज विचारलं. "वरती," निक्लाय म्हणाला. "वरती कुठे?" "त्या… गवताकडे." चर्चबाहेर दोन म्हातारे बोलत होते. अमुक घळीत बर्फ साचलंय, तमुक कड्यावरून दगड सुटलाय. एयुन जवळ आला तसे ते हवेबद्दल बोलू लागले. बिल्लाआत्याला त्याने खिडकीतून दिसणाऱ्या खडकाबद्दल विचारलं. ती, जिला गप्प कसं बसायचं ठाऊक नव्हतं, ती पीठ मळत म्हणाली, "दगड आहे, बाळा." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

ज्या गावात तळहाताएवढ्या जागेलाही नाव होतं, तिथे एयुनसाठी दगड, पाणी, गवत आणि डोंगर एवढंच उरलं.

"वेळ लागेल," सुन्वा त्याला म्हणे. "माणसं आहेत. विसरतील."

"तू आहेस ना," तो म्हणे. "मग वेळ लागू दे."

आणि ती होती. मनापासून होती. त्याच्या फुटलेल्या हातांना लोण्याने चोळायची, त्याच्या चुकीच्या गाठी सोडवून पुन्हा बांधायची. वसंतात लग्न करायचं ठरलं. दान्यालने हो म्हटलं. बिल्ला चादरी काढून उन्हाची वाट बघू लागली.

हिवाळा सरत आला तशी एके दिवशी अचानक हवा उघडली. दोघं डोंगरावरून जळणाच्या टोपल्या आणत होती. चढ संपल्यावर टोपल्या टेकवल्या. समोर सगळी उत्तरेची बेटं बर्फाने पांढरी, आणि त्यांच्यामागे एक शिखर, इतकं लख्ख, की बघतच राहावं. एयुनने तिच्या खांद्यावर हात टाकला. कितीतरी दिवसांनी तो खराखुरा हसला.

"काय सुंदर आहे गं… त्याला काय म्हणतात?"

त्याने ते अभ्यासासाठी विचारलं नव्हतं. नवरा बायकोला विचारतो तसं विचारलं होतं.

सुन्वाला नाव ठाऊक होतं. जिभेवर होतं. तिने तोंड उघडलं, आणि बिल्लाआत्याचं स्वयंपाकघर तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. खरखर, तो आनंदी आवाज, कोटाची बटणं लावणारे बाबांचे हात…

"डोंगर," ती म्हणाली.

वारा नव्हता. शब्द स्पष्ट ऐकू आला. एयुनचा हात तिच्या खांद्यावर तसाच राहिला, पण जड झाला. तिने त्याच्याकडे पाहिलं. तिला ते म्हणायचं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. ते आपोआप आलं होतं, म्हणून तर उपाय नव्हता.

"एयुन, मी… माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"माहितीये गं," तो म्हणाला. "ठाऊक आहे मला." त्याने तिची टोपली उचलून तिच्या पाठीवर नीट बसवली, पट्टा कपाळावर सरळ केला. मग स्वतःची उचलली.

टपालाची बोट आली त्या दिवशी समुद्र उसळलेला होता. आमच्याकडे धक्का नाही; बोट लांब थांबते आणि माणसांना न्यायला होडी येते. उताराच्या कातळावर उभं राहायचं, लाट होडीला वर उचलते तेवढ्यात उडी मारायची. दान्याल खाली आला होता. त्याने एयुनचा हात दोन्ही हातांत धरला आणि वर जाऊन उभा राहिला.

सुन्वा कातळावर त्याच्या शेजारी होती. पाण्याचे शिंतोडे दोघांच्या तोंडावर उडत होते.

"एयुन," ती घाईघाईने म्हणाली, "थांब. ते शिखर… त्याचं नाव…"

त्याने तिच्या ओठांवर हात ठेवला. थंड, घट्टे पडलेला हात.

"नको. आता सांगितलंस तर मी राहीन."

"मग राहा ना!"

"आणि पुढच्या वेळी? दर वेळी तुला असं स्वतःला ढकलावं लागेल, सुन्वा. माझ्याशी बोलताना, प्रत्येक शब्दाला. जन्मभर." त्याने होडीकडे पाहिलं. "मी ते बघू शकणार नाही."

होडीतून कुणीतरी ओरडलं. लाट येत होती. त्याचा हात अजून तिच्या ओठांवर होता. तो काढला असता, तर ती एका श्वासात नाव बोलून गेली असती. तिने तो काढला नाही.

लाटेने होडी वर उचलली. त्याने हात काढला आणि उडी मारली.

सुन्वा ओठ घट्ट मिटून उभी राहिली. होडी टपालाच्या बोटीला लागली, बोट धाकट्या बेटाच्या टोकाला वळसा घालून गेली, तरी तिने ते उघडले नाहीत. मग वडील खाली आले. तिच्या ओल्या खांद्यांवर त्यांनी आपला कोट घातला, आणि दोघं हळूहळू चढ चढू लागली.